विहिरीचं पाणी, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि परसातलं ॲक्वापॉनिक्स

आमच्या माशांच्या टाकीत कांद्याची एक जाळीदार पिशवी लोंबकळत असते. तिच्यात तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या आहेत. रविवारी तिसऱ्यांचं सुकं झालं की सोमवारी शिंपल्या घासून, वाळवून पिशवीत भरायच्या, हा आता घरचा रिवाज झालाय. नव्याने बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी टाकीत केर टाकलाय. ही पिशवी मी पहिल्याच वर्षी लावली असती, तर जुलैतल्या एका रात्रीत माझे २० पैकी ११ मासे गेले नसते.

ॲक्वापॉनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी भाजीच्या वाफ्यातून फिरवून परत टाकीत आणायचं. त्यातलं टाकी, पंप, पाइप यांचं तंत्र जगभर जवळपास सारखंच आहे. गोव्यात वेगळ्या आहेत दोन गोष्टी, जांभ्या दगडातून झिरपणारं विहिरीचं पाणी आणि आमचा पाऊस. म्हणून उभारणी सांगते खरी, पण जास्त वेळ घेणार आहे पाण्यावर. मी राहते फोंडा तालुक्यात, शिकवते शाळेत, आणि हे सगळं मेच्या सुट्टीत उभं केलं.

आधी, हे चालतं कसं

मासे खातात आणि कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया सोडतात. अमोनिया माशांना विषारी. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना हवंच असतं. झाडं ते शोषतात आणि पाणी परत टाकीत येतं. म्हणजे तुम्ही पाळता मासे आणि भाजी, पण खरी पैदास करायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची.

गोव्यात ही कल्पना कुणाला नवलाची वाटू नये. आमच्या खाजन शेतांत (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या जमिनीत) पावसाळ्यात कोरगूट भात आणि भात कापल्यावर मासे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी आत-बाहेर करायचं. आपण तेच काम पंपाने आणि फार लहान जागेत करतो.

जागा आणि टाकी

दिवसाला ५-६ तास ऊन वाफ्यावर पडावं, टाकीवर नको. माडाखाली अजिबात नको. नारळ पडतो हे एक, आणि झावळ पडली की पाइपासकट सगळं खाली येतं. स्वयंपाकघराच्या मागची जागा मला बरी वाटली. विजेचा पॉइंट जवळ मिळतो आणि येता-जाता टाकीकडे नजर जाते.

लोखंडी पिंजऱ्यातली १००० लिटरची चौकोनी प्लास्टिक टाकी भंगारवाल्याकडे मिळते. औद्योगिक वसाहतींच्या आसपास त्या रचून ठेवलेल्या दिसतात. विकत घेण्याआधी टाकीवरचं लेबल वाचायचंच. खाद्यतेल, ग्लुकोज किंवा सिरप भरलेली असेल तरच घ्या. लेबल फाडलेलं असेल तर तिकडे फिरकूच नका. मला पहिली टाकी "धुतलेली आहे बाई" म्हणून दिली होती. घरी आणून झाकण उघडलं तर थिनरचा वास. ती परत केली, भाडं अंगावर पडलं.

टाकी आडवी कापायची. वरचा ३०-३५ सेंटिमीटरचा भाग उलटा केला की खडीचा वाफा होतो आणि खाली माशांची टाकी राहते. तिच्यात साधारण ६०० लिटर पाणी मावतं. प्लास्टिकमधून उजेड आत जातो आणि पाणी शेवाळाने हिरवं होतं, म्हणून बाहेरून गडद रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. टाकीवर जाळी बसवणं सक्तीचं समजा. खंड्या आणि मांजर यांच्यासाठी ती हवीच, पण घरात लहान मूल असेल तर त्याहून अधिक त्याच्यासाठी.

वाफ्याचं वजन कमी समजू नका. ३० सेंटिमीटर खडी आणि पाणी धरून ते ५५०-६०० किलोच्या घरात जातं. मी चिऱ्यांचे खांब रचले आणि वर पिंजऱ्याचाच कापलेला भाग आधाराला घेतला. वाफ्याचा तळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर हवा, म्हणजे पाणी आपोआप खाली परत येतं आणि एकाच पंपात काम भागतं.

खडी

काळ्या दगडाची २० मिलिमीटरची खडी घ्या. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात, पण घेऊ नका. ते झिजतात, तांबडा गाळ सोडतात आणि पाइप तुंबवतात. खडी धुवायला मला अख्खा दिवस लागला. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, मध्येच कंटाळलात तर ती भुकटी नंतर पंपात जाते.

एक चाचणी सगळीकडे सांगतात: खडीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे, वापरू नका, पाण्याचा पीएच चढेल (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल याचं माप: ७ मधला, त्याखाली आम्ल). मीही ती केली. एक बुडबुडा आला नाही म्हणून खूश झाले. त्या खुशीची गंमत पुढे कळेल.

पंप आणि पाणी खाली सोडणं

वाफा भरायला हवा आणि रिकामाही व्हायला हवा, म्हणजे मुळांना नि जिवाणूंना पाणी आणि हवा आळीपाळीने मिळते. बऱ्याच जणांना बेल सायफनचं वेड असतं: उभ्या पाइपावर टोपी ठेवायची आणि पाणी भरलं की ते आपोआप झपाट्याने उतरतं. चालताना बघायला सुरेख दिसतो. मी दोन शनिवार-रविवार त्यात घालवले. कधी सुरूच होईना, कधी थांबेना. नवख्याने या नादाला न लागलेलं बरं. झोप वाचवायला साधा टायमर आणा.

माझी रचना अशी. वाफ्याच्या तळातून २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा, २५ सेंटिमीटर उंच. त्याच्या बुडाशी ६ मिलिमीटरची दोन भोकं. त्याभोवती ११० मिलिमीटरचा, चिरा पाडलेला पाइप, म्हणजे खडी आत येत नाही. पंप १५ मिनिटं चालतो, ४५ मिनिटं बंद. पंप चालू असताना पाणी भोकांतून गळतं त्याहून वेगाने चढतं, पातळी जास्त झाली तर उभ्या पाइपाच्या तोंडातून उतरतं, आणि पंप थांबला की वाफा हळूहळू रिकामा होतो. वरची ५ सेंटिमीटर खडी कायम कोरडी राहते. त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि डासांना अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही.

पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चढ वाढला की धार कमी होते. माझ्याकडे पाऊण मीटर चढ आहे. ताशी १००० ते १५०० लिटरचा, दोन मीटरपर्यंत उपसणारा पंप त्याला पुरतो.

हवेचा पंप वेगळा घ्या आणि तो चोवीस तास चालू ठेवा. ३० अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो आणि माशांना ५ तरी हवा. म्हणजे हाताशी फार शिल्लक नाही. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा हवेचा पंप मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानातून आणाच. भाजी एक दिवस पाण्याविना निभावते, दाट भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत तडफडतात. विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे: २० वॉटचा पंप दिवसातले ६ तास आणि १० वॉटचा हवेचा पंप दिवसभर, मिळून महिन्याला ११ युनिटच्या आसपास.

माटव

पहिल्या वर्षी मी छप्पर टाळलं. पैसे वाचवले असं वाटलं. हिशेब करा: एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आमच्याकडे जुलैत काही विशेष नाही, तर सव्वाएक मीटर लांब आणि जवळपास एक मीटर रुंद वाफ्यात ११० लिटरहून अधिक पाणी थेट पडतं. तेवढंच जुनं पाणी उताराच्या पाइपातून बाहेर जातं. सोबत विरघळलेलं खत जातं, आणि पाण्याला सांभाळणारे क्षारही जातात. पावसाच्या पाण्यात स्वतःचे क्षार जवळपास नसतातच.

आता पारदर्शक पत्र्याचा माटव आहे, वारा आत यावा म्हणून बाजूंनी मोकळा. एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली हिरवी जाळी ताणते. टाकीच्या काठाखाली जादा पाणी जायला वेगळा पाइप ठेवलाय आणि त्याच्या तोंडाला जाळी आहे. नाहीतर मासे अंगणात पोहतात.

पाणी, आणि तिथेच झालेली चूक

नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन जाऊ द्या. हवेचा पंप लावून २४-४८ तास ठेवलं की पुरे. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नाही, म्हणून ते उत्तम असं मी गृहीत धरलं.

जांभ्याच्या प्रदेशातलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. डाळ त्यात झटकन शिजते, साबणाला फेस भरपूर येतो. माणसांना चांगलंच. ॲक्वापॉनिक्सला मात्र पाण्यात कार्बोनेटचा साठा लागतो, ज्याला क्षारता म्हणतात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि हा साठा ते गिळत जातं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता खर्च होते.

माझा हिशेब बघा. एकूण पाणी ७०० लिटर, विहिरीच्या पाण्याची क्षारता २० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सगळा साठा मिळून १४ ग्रॅम. रोज ५० ग्रॅम खाद्य टाकलं तर त्यातून साधारण दीड ग्रॅम नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात येतो आणि तो १० ग्रॅमच्या वर क्षारता खातो. झाडं नायट्रेट घेताना थोडी परत देतात, पण साठा दोन-चार दिवसांत तळाला जातो हे उघड आहे. बाहेरचं मार्गदर्शन बहुतेक जड पाण्याच्या मुलखातलं असतं. तिथे पीएच खाली कसा आणायचा ही विवंचना. आमच्याकडे तो खाली घसरू कसा द्यायचा नाही, हीच.

सुरुवातीला मी टाकी नळाच्या पाण्याने भरली होती. जिवाणू बसले, मासे आले, सगळं झकास. मग वर भरायला विहिरीचं पाणी वापरू लागले, त्यात जुलैचा पाऊस. मासे खाईनासे झाले. तपासलं तर पीएच ६ च्या खाली आणि अमोनिया ४ मिलिग्रॅम प्रति लिटर. एवढ्या खाली जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, म्हणून अमोनिया साठला होता. मासे तरीही जिवंत होते, आणि का ते मी स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळी दोन मुठी चुना कालवून टाकीत ओतला. पीएच साडेआठ झाला. सकाळी ११ मासे पालथे.

चुन्याने मारलं नाही, अमोनियाने मारलं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक विषारी, आणि त्यांचं प्रमाण पीएच ठरवतो. २८ अंशाला, पीएच ६ असताना विषारी भाग हजारात एकाहूनही कमी. पीएच ७ ला शेकड्याला पाऊण, ८ ला साडेसहा, साडेआठला सुमारे १८. तोच ४ मिलिग्रॅम अमोनिया संध्याकाळी सहन होण्याजोगा होता आणि रात्री मी त्याचं विष केलं.

अशी वेळ आलीच तर क्रम असा. आधी खाद्य बंद. मग क्लोरीन उडालेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. ते पाणीही पीएचने फार वेगळं नको. हवा वाढवा. अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावरच पीएच चढवायला घ्या, तोही दिवसाला ०.२-०.३ हून जास्त नाही.

आणि कायमचा उपाय शिंपल्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल होऊ लागलं की ती विरघळते, साताच्या वर गेलं की जवळजवळ थांबते. म्हणजे जास्त घालून बिघडण्याची भीती नाही. ज्या बुडबुड्यांची सगळे भीती घालतात, तेच आम्हाला हवेत! कोकणपट्टीत शिंपल्या भाजून चुना करत आलेत, तो मात्र तीव्र. न भाजलेली शिंपली शांत असते. मांस आणि मीठ पूर्ण निघेपर्यंत धुवा, उन्हात वाळवा, जरा ठेचा आणि वाफ्यातून पाणी पडतं तिथे पिशवी टांगा. मी एका किलोने सुरुवात केली, आता दोन किलो असतात. क्षारता ६०-८० च्या खाली उतरू लागली तर चिमटीभर पोटॅशियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून देते. त्यातून झाडांना पोटॅशही मिळतं, जे माशांच्या खाद्यात कमी असतं.

मासे आणण्याआधीचा महिना

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. आधी जिवाणू बसवायचे. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्यांचा नवसागर, पण प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथला. ७०० लिटरला साडेपाच ग्रॅम पुरतो, त्याने सुमारे २ मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया-नायट्रोजन होतो. पंप सुरू ठेवा आणि थेंबांच्या किटने दर दोन दिवसांनी तपासा. रंगीत पट्ट्या स्वस्त आहेत, पण अंदाजपंचे. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. टाकलेला डोस २४ तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की तयार. आमच्या उबदार पाण्यात मला पाच आठवडे लागले. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथली ओंजळभर खडी आणा, बरेच दिवस वाचतात. शेण, गोमूत्र, कोंबडीखत यातलं काहीही घालू नका. ही भाजी खायची आहे, आणि त्यांतून रोगजंतू येतात.

कोणते मासे

"रंगीत मासे कसले पाळतेस? यातल्या एकाचं तरी हुमण होईल का?" हा सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. तरी पहिल्या वर्षी कोई किंवा गोल्डफिशच घ्या. काटक असतात, कुठेही मिळतात, आणि चुकलात तर नुकसान थोडं. तिलापिया ॲक्वापॉनिक्सचा लाडका, पण तो पाळायला परवानगी लागते. मत्स्योद्योग खात्यात आधी विचारा. आफ्रिकन मागूर देशात बंदी असलेला मासा आहे, कुणी पिल्लं देऊ केली तरी नको. खायचा मासा म्हणून कालुंदर (इंग्रजीत पर्ल स्पॉट) माझ्या मनात आहे. निमखाऱ्या पाण्यातला असला तरी गोड्यातही राहतो, पण सावकाश वाढतो.

६०० लिटरला २० पिल्लं पुरे. पिशवी टाकीत २० मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला आणि मग मासे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

खाद्य तरंगणाऱ्या गोळ्यांचं, २८-३२ टक्के प्रथिनांचं. पाच मिनिटांत संपेल तेवढंच, उरलं तर काढून टाका. एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा) ढोबळ नियम असा की पालेभाजीच्या १ चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४०-५० ग्रॅम खाद्य. माझा वाफा तेवढाच, म्हणून ५० ही माझी कमाल. पिल्लं लहान असताना १०-१५ ग्रॅमही जास्त होतं. बहुतेक टाक्या उपाशी ठेवून नव्हे, खाऊ घालून बिघडतात.

भाजी

तांबडी भाजी (लाल माठ) महिन्याभरात कापणीला येते, तिच्यापासून सुरुवात करा. मायाळू, पुदिना, अळू ही पावसाळ्यात जोमात असतात. मिरची, वांगं, सात शिरांची भेंडी चौथ्या महिन्यानंतर, पाण्यात पुरेसं नायट्रेट आल्यावर. मुळा-गाजराच्या वाटेला जाऊ नका, खडीत वाकडेतिकडे होतात. रोपं कोकोपीटमध्ये वाढवून मुळं हलक्या हाताने धुऊन लावा. माकडं रोपं उपटून बघतात आणि तिथेच टाकतात, खातही नाहीत. जाळीशिवाय इलाज नाही.

दुसऱ्या महिन्यात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या: लोहाची उणीव. ज्या राज्यातून बार्जी भरभरून लोहखनिज गेलं, तिथे मला पुडीतून लोह विकत आणावं लागलं. १२ टक्क्यांचं चिलेटेड (पाण्यात विरघळलेलंच राहणारं) लोह ७०० लिटरला १२ ग्रॅम, तीन-चार आठवड्यांनी एकदा. खतं-औषधांच्या दुकानात मिळतं.

कीटकनाशक कुठलंही नाही. निंबोळी तेलसुद्धा पाण्यात पडू देऊ नका. मावा पाण्याच्या फवाऱ्याने उडवते, अळ्या हाताने वेचते.

आठवड्याचं काम आणि गावाला जाताना

रोज सकाळी फक्त बघायचं: मासे वर येऊन तोंड उघडताहेत का, धार नेहमीसारखी आहे का. आठवड्यातून एकदा पीएच आणि अमोनिया, पंधरा दिवसांतून एकदा क्षारता आणि नायट्रेट, पावसाळ्यात हे सगळं दुप्पट. महिन्याने पंपाची जाळी धुवायची, टाकीतल्याच पाण्याने. पीएच ६.८ ते ७.२ मध्ये राहिला की मी हात लावत नाही. अडलं तर जुने गोवे इथलं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारता येतं.

चतुर्थीला आम्ही पाच दिवस मूळ घरी जातो. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना खाद्याचा डबा दिला आणि त्यांनी मायेने सढळ हाताने घातलं. आता डबा देत नाही. मोठ्या माशांना पाच दिवस उपास बाधत नाही. शेजाऱ्यांना फक्त टायमर दाखवते, हवेच्या पंपाचा आवाज ऐकवते, आणि तो थांबला तर फोन करा एवढंच सांगते.